खिडकीतला कप

दाढ काढायची म्हणून धंतोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी सुई टोचून मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, जबडा पुरता बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात म्हणाले, आणि तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला. मी काही बोलले नव्हते. बोलूच शकत नव्हते. डावा गाल कोणा दुसऱ्या बाईचा आणून चिकटवल्यासारखा झाला होता आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय की नाही हे रुमाल लावून बघावं लागत होतं. पण आवाज माझा होता, तेवीस वर्षांचा. "काहून?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, मुरलेला, खानदानी आवाज म्हणाला, "अगं, काहून काय काहून! पी लवकर!" आणि मग हशा. माझ्या शेजारी बसलेल्या निळ्या कुडत्यातल्या मुलीच्या फोनमधून तो येत होता. तिनं तो तीनदा लावला. तिन्ही वेळा हशा तितकाच आला, कारण तो अडतीस वर्षांपूर्वी एकदाच भरून ठेवलेला होता. मी बघतेय असं पाहून तिनं फोन माझ्याकडे वळवला. काकू, तुम्ही पाह्यलं का हे, बहुत चालून राह्यलं सध्या, असं काहीसं म्हणाली. पडद्यावर नऊवारी नेसवलेली, कपाळाला बोटभर कुंकू लावलेली एक काळीसावळी पोरगी हातात कप धरून उभी होती आणि तिचे डोळे, मला आज पहिल्यांदाच नीट दिसलं, हसत नव्हते. "मजेदार आहे नं?" मुलीनं विचारलं. आणि माझी मान हलली. हो म्हणून हलली. मला तिचा राग आला नाही, मानेचा आला.

दाढ निघाली. डॉक्टरांनी ती स्टीलच्या वाटीत टाकली तेव्हा टण् झालं आणि मला वाटलं, चला, एक वस्तू तरी मुळासकट निघाली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, ते नागपुरात पावसाळ्याचा राग काढायलाच येतं. कापसाचा बोळा चावत मी मेट्रोत बसले आणि इंदोऱ्यापर्यंत त्या मानेचा हिशोब करत राहिले. किती वेळा हलली होती ही? टेलिफोन खात्यात मी चौतीस वर्षं ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तोंडात अशी स्वच्छ धुतलेली मराठी की मुंबईचे साहेब विचारत, तुम्ही पुण्याच्या का? 'कृपया लाइनवर राहा' हे मी दिवसातून चारशे वेळा म्हणत असेन, एकदाही 'राह्या' नाही झालं. आणि त्याच मला, जेवणाच्या सुटीत, कोणाच्या बदलीच्या निरोपाला, कोणाच्या मुलीच्या लग्नात, लोक घेरून म्हणत, जयाताई, ते म्हणा नं एकदा. मी नाही-नाही करायची आणि मग म्हणायची. मान तिरकी करून, डोळे मोठे करून. काहून? म्हणजे आमच्या बोलीतलं 'का?', एवढं म्हटलं की सगळे फुटायचे. एका साहेबांनी तर मला काहूनबाई असंच नाव ठेवलं होतं आणि त्यात त्यांचं प्रेमच होतं, हे मी शपथेवर सांगेन. प्रेमाचीच अडचण असते. शिवी दिली तर माणूस उलटून तरी बोलतो.

ती गोष्ट अशी. एकोणीसशे शहाऐंशीची दिवाळी. टीव्हीवर अर्ध्या तासाचा एक विनोदी खास कार्यक्रम करायचा होता, नाव 'चहा झाला का?' एक घर, त्यात पेन्शनर वडील, कटकटी आई, नोकरीवाला मुलगा, नवी सून, कॉलेजातली मुलगी, आणि दिवाळीच्या सकाळी चहाचं आधण ठेवल्यापासून चहा घशाखाली उतरेपर्यंत होणारे घोळ. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. साखर संपते, दूध नासतं, पाहुण्यांची तार येते. मला तो कार्यक्रम आवडायचा हे मी लपवत नाही. त्यातलं दूध नासण्याचं दृश्य आजही कोणी लावलं तर मी हसेन. आमच्या खात्याच्या नाटकात मला बघितलेल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि तीन दिवसांसाठी मला मुंबईला बोलावलं. कामवालीची भूमिका. संहितेत तिला नाव नव्हतं, 'बाई' एवढंच लिहिलेलं. वाक्यं चार. आई झाल्या होत्या प्रमोदिनीबाई, तेव्हाच मोठं नाव, रंगभूमीवर वीस वर्षं काढलेली बाई, आणि स्वभावानं इतकी चांगली की पहिल्या दिवशी माझे केस तिनं स्वतः विंचरले आणि स्वतःच्या डोक्यातली पिन काढून मला लावली. ती पिन मी परत दिली नाही, अजून आहे. हे सांगितलं नाही तर पुढचं खोटं होईल.

संहितेत लिहिलं होतं: आई सगळ्यांना चहा देते, बाईलाही देते. बाई म्हणते, 'आज पाहुणे येणार म्हणे!' एवढंच. ट्रेमध्ये सहा कप होते, पांढऱ्यावर निळी वेल, एका संचातले. नेपथ्य सांभाळणाऱ्या माणसानं मोजून सहा भरले होते. मी त्याला भरताना पाहिलं होतं. तालमीत प्रमोदिनीबाई नुसता हात पुढे करायच्या, कप नसायचेच. चित्रण सुरू झालं. एक कप वडिलांना, एक मुलाला, एक सुनेला, एक मुलीला, एक स्वतःसाठी बाजूला. सहावा उचलला. आणि उचलल्यावर त्यांचा हात थांबला. मी तीन हातांवर उभी होते, मला दिसलं. हात थांबला, जसा ओळखीच्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधायला थांबतो तसा, आणि मग सरळ खिडकीकडे गेला. खिडकीत एक कान तुटलेला कप होता. घर खरं वाटावं म्हणून शोभेला ठेवलेला, त्याचा संहितेशी काही संबंध नाही. प्रमोदिनीबाईंनी निळ्या वेलीच्या कपातला चहा त्या कपात ओतला, ट्रेमधला रिकामा कप परत ट्रेमध्ये ठेवला, आणि तो कान तुटलेला कप माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर दिवाळीचं प्रसन्न हसू. कोणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकानं नाही, लेखकानं नाही. हातानं केलं.

आणि मी म्हटलं, "काहून?"

तेही मला कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणे वगैरे सगळं डोक्यातून गेलं होतं. मला फक्त विचारायचं होतं. प्रमोदिनीबाई मुरलेल्या नटी. समोरच्यानं वाक्य चुकवलं की सावरून घ्यायची त्यांची वर्षांची तयारी. क्षणात म्हणाल्या, "अगं, काहून काय काहून! पी लवकर!" आणि स्टुडिओ फुटला. कॅमेरावाले, दिवेवाले, वडील झालेले गृहस्थ, सगळे. दिग्दर्शक पोट धरून बाहेर आला, म्हणाला, हे ठेवायचं, हे सोनं आहे, किती नैसर्गिक! तो दोघींनाही म्हणाला, नैसर्गिक. बरोबरच होतं त्याचं. मीही हसले, मुंबई होती, तेवीस वर्षं होती, आणि सगळे हसत असताना न हसणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा नसते. चहा मी प्यायले. कोमट होता.

आमच्या वस्तीत तेव्हा ओमप्रकाश भाटियांच्या घरी रंगीत टीव्ही होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीत शंभर माणसं बसली होती, दारात, भिंतीवर. जया दिसली की शिट्ट्या. 'काहून' झालं तेव्हा तर असा कल्ला उठला की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. आपला शब्द टीव्हीवर आला होता! मुंबईच्या, रेशमी पडद्यांच्या घरात आपला काहून घुसला होता. तो आनंदही खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. एकटे माझे वडील हसत नव्हते. आनंदराव नाव, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, कानानं जरा कमी ऐकायचे, पण डोळे सुताचा तुटका धागा दहा हातांवरून धरणारे. छप्पन साली चौदा वर्षांचे होते आणि आपल्या बापाचं बोट धरून दीक्षेच्या मैदानावर जाऊन आले होते. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्याच, पण घरात त्यांनी तेविसावी स्वतःची घातली होती. ती चहाची होती. कोणाच्या घरी गेलं, चहा दिला, तर प्यायचा. पिऊन झाला की कप ठेवून द्यायचा, धुवाचा नाई. लोक आपला कप आपल्यालाच विसळायला लावायचे ना, म्हणून. आणि कप वेगळा दिसला तर इचाराचं. भांडाचं नाई, उठून जाचं नाई. इचाराचं, काहून म्हणून. "मार खाल्ला तं खाल्ला," म्हणायचे, "पण त्याले सांगा तं लागलं पाह्यजे, काहून ते." मी आणि धाकटी भावना, दोघी लहानपणापासून हे ऐकत वाढलो, इतक्या की कोणाकडे गेलो की आधी कपांकडे बघायचो.

ओसरीतून बाबा, मी आणि भावना घरी आलो. चपला काढता काढता बाबा म्हणाले, "तू इचारलं. बरं केलं." मी म्हटलं, बाबा, ते चुकून झालं, वाक्य विसरले मी. त्यांनी ते ऐकलंच नाही, की ऐकून सोडून दिलं. "पण उत्तर देल्लं का तिनं?" मी म्हटलं, दिलं की, लोक हसले नाहीत का? "ते उत्तर नाई, पोरी. तिनं तुह्याच शब्द तुले वापस केला." त्यानंतर दोन हजार चारमध्ये जाईपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही. मी सगळ्यांच्या लग्नात मान तिरकी करून डोळे मोठे करत राहिले.

मेट्रोतून उतरून घरी आले तर भावनानं भिवापुरी मिरचीचा ठेचा केलेला. आम्ही दोघी बहिणीच राहतो. तिचा नवरा वारला, माझा नुसताच गेला. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय म्हटलं तर म्हणाली, दाढ काढली, जीभ तं नाई काढली. मी वरणभाताला बोटभर लावून खाल्ला. उजव्या बाजूनं डोळ्यांत पाणी येईस्तोवर झोंबलं आणि डाव्या बाजूला काही कळलंच नाही. अर्ध्या तोंडाला तिखट, अर्ध्याला काही नाही. मी घास तसाच धरून बसले. मला वाटलं, असंच तर होतं की सगळं. एकच घास, एकाच तोंडात.

जेवणानंतर मी फोनवर तो पूर्ण कार्यक्रम शोधला. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून अर्ध्या तासाचा सबंध टाकलेला होता, तो सोळाशे जणांनी बघितला होता. नऊ सेकंदांचा तुकडा चाळीस लाखांनी. तुकडा सुरू होतो तो कप माझ्या हातात आल्यावर. त्याच्या आधीचे चाळीस सेकंद, ट्रे, थांबलेला हात, खिडकी, ओतलेला चहा, त्यात नाहीतच. कापणाऱ्याचा काही वाईट हेतू नसेल. त्याला विनोद हवा होता आणि विनोद तिथूनच सुरू होतो. पण माझा प्रश्न त्याच्या आधी सुरू होतो. प्रश्नाचं धड कापून टाकल्यावर उरलं ते फक्त तोंड, गावंढळ, हसण्याजोगं. अडतीस वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्या बोलीला हसतात. ते तरी बरं होतं. लोक एका प्रश्नाला हसत होते आणि त्यांना तो प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं. मी ते चाळीस सेकंद भावनाला दाखवले. तिनं दोनदा पाहिले. म्हणाली, "बाबानं एकाच खेपेत पाह्यलं होतं वं हे."

आणि चार दिवसांनी सुमंतचा फोन आला. सुमंत हा शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाचा तरुण सचिव, आवाजात मध. जुन्या टीव्हीच्या आठवणींचा कार्यक्रम आहे, प्रमोदिनीबाई खास येताहेत, शहाऐंशी वर्षांच्या, व्हीलचेअरवर, पण येताहेत, आणि तुम्ही दोघींनी तो क्षण मंचावर पुन्हा जिवंत करायचा. एवढंच, दहा सेकंद, सभागृह कोसळेल. मी म्हटलं, येते. पण पडद्यावर तुकडा दाखवाल तो सतरा मिनिटं चाळीस सेकंदांपासून दाखवा. बघतो, म्हणाला. त्यानं बघितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, ताई, ते जरा जाऊ द्या, विनाकारण कोणाच्या भावना दुखावतील. भावना शेजारीच भाजी निवडत होती. फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "माह्या तं नाई दुखावल्या." सुमंतला कळलं नाही कोण बोललं. तो म्हणाला, तेव्हाचा काळ वेगळा होता. मी म्हटलं, काळ वेगळा नव्हता बाळा, कप वेगळा होता. मग मी नाही येत, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. आणि मला ते बाकावरचं आठवलं, बधिर गाल आणि आपोआप हललेली मान. न जाणं म्हणजे तेच, पुन्हा. मी म्हटलं, बरं, तुमचा नऊ सेकंदांचाच लावा. येते मी.

सभागृह भरलेलं होतं. मी साधी सुती निळी साडी नेसून गेले. मंडळानं नऊवारी पाठवली होती ती घडी न मोडता परत केली. आत प्रमोदिनीबाईंनी माझा हात हातात घेतला, त्यांची बोटं पापडासारखी हलकी झाली होती, आणि म्हणाल्या, माझ्यामुळे गाजलीस हो तू. हसून म्हणाल्या, मायेनं. मी म्हटलं, हो, बाई. ते खरंच होतं. मंचावर शाली झाल्या, नारळ झाले, पडद्यावर नऊ सेकंद झाले, लोक हसले. मग सुमंतनं दोघींच्या हातात माईक दिले. मी मान सरळ ठेवून म्हटलं, काहून. प्रमोदिनीबाईंनी काय टायमिंग राखलंय अजून, म्हणाल्या, "अगं, काहून काय काहून! पी लवकर!" सभागृह कोसळलं. सुमंत माईक घ्यायला पुढे आला. त्यांनी दिला नाही, टाळ्या ऐकत होत्या. मीही दिला नाही.

मी थांबले. टाळ्या संपेपर्यंत थांबायचं असतं, लाइनवर पलीकडचा खोकला थांबेपर्यंत थांबतात तसं. मग चौतीस वर्षांची धुतलेली मराठी बाजूला ठेवून म्हटलं, "याच्या आंधी काय झालं, ते तुमाले कोणी दाखवत नाई. मी सांगते. ट्रेमंधी सहा कप होते, एकसारके. पाच घरच्यायले देल्ले. सहावा भरून होता. बाईनं तो उचलला, अन् त्यातला चहा खिडकीतल्या कान तुटक्या कपात ओतला, अन् तो मले देल्ला. म्हणून मी इचारलं." कुणीतरी मागून हसलं, सवयीनं, आणि एकटंच पडलं. मी प्रमोदिनीबाईंकडे वळले. मला त्यांना पाडायचं नव्हतं. माझ्या केसांत त्या दिवशी त्यांचीच पिन होती, मुद्दाम लावून गेले होते. पण मला हवं होतं ते हवंच होतं. "बाई," मी म्हटलं, "काहून?"

सुमंत घाईनं काही म्हणायला आला, मी हातानं त्याला थांबवलं. शांततेचं मला कळतं. मेलेली लाइन आणि धरून ठेवलेली लाइन, दोन्हीत आवाज नसतो, पण ऑपरेटरला फरक कळतो. धरलेल्या लाइनवर पलीकडे माणूस असतो. प्रमोदिनीबाईंनी कानातलं यंत्र बोटानं नीट केलं. माझ्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कोणी आणून त्यांच्या मांडीवर ठेवला होता. आठवत नाही म्हणू शकल्या असत्या. शहाऐंशी वर्षांच्या बाईला ते कोणीही माफ केलं असतं. पण त्या मोठ्या नटी होत्या आणि वाक्य चुकवणाऱ्यातल्या नव्हत्या.

"सवय होती गं," त्या म्हणाल्या. "घरची."

माईकमधून ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मी म्हटलं, "माह्यीबी सवयच होती, बाई. घरची. इचाराची."

मग मी माईक सुमंतच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरले. टाळ्या वाजल्या नाहीत. कशाला वाजवायच्या हे लोकांना कळत नव्हतं, आणि मला त्या नकोच होत्या. शाल वर खुर्चीवर राहिली. तिसऱ्या रांगेत भावना पर्स पोटाशी धरून बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मंचाकडेच पाहत राहिली, जिथे एक म्हातारी बाई अजून आपला हात बघत होती.

"देल्लं उत्तर," भावना म्हणाली.